गहूभर पुढं, तांदळाभर मागं

मुक्तानं विचारलं तेव्हा मी चहात टोस्ट बुडवून धरला होता. तो तसाच गळून कपात पडला.

"बाबा, असलं काही खरंच असू शकतं का?"

मुक्ता माझी मुलगी, बारावीला आहे. फिजिक्सचा पेपर तोंडावर आलेला आणि ही पुस्तकाच्या आड मोबाईल धरून भयकथा वाचत होती. मी विचारलं, असलं म्हणजे कसलं? मग तिनं सांगितलं. समुद्राच्या तळाशी काहीतरी झोपलेलं आहे. माणूस जन्माला आला त्याच्या कितीतरी आधीपासून. त्याचा आकार कुणाला सांगता येत नाही, कारण ज्यानं पाहिलं तो वेडा झाला. ते एकदा कुशीवर वळलं की शहरं जातील.

"आणि दुष्ट नसतं ते," ती म्हणाली. "तीच तर भीती आहे. त्याला आपण आहोत हेच माहीत नसतं."

"आधी फिजिक्स वाच," आतून बायको ओरडली. "तुझा राक्षस काय पळून चालला नाही."

मी चष्म्याचं दुकान चालवतो. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत उजेड सोडून बघतो. घरात मी कमी बोलतो, आणि बोललो तर कामाचं. मुक्ताला वाटलं होतं मी 'छट्, खुळ्यासारखं काहीतरी वाचू नको' म्हणेन. मलाही तसंच वाटलं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "गहूभर पुढं, तांदळाभर मागं."

"काय?"

"काही नाही," म्हणून मी उठलो. मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, आणि एका वाक्यानं चहा टाकून उठतो म्हणजे काय!

परीक्षेचे दिवस आले की मला हे असं होतं. सकाळचा गारवा एकाएकी नाहीसा होतो. गुऱ्हाळं थंड पडायला लागतात. पेठेत शिरणाऱ्या वाऱ्याला काकवीचा जो वास असतो तो विरळ होत जातो आणि त्याच्या जागी आंब्याच्या मोहोराचा तुरट वास येतो. केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं शटर ओढून बसतात. दारादारांत आया पोरांच्या तळहातावर दही-साखर ठेवतात. लोकांना या दिवसांत आपली शाळा आठवते. मला एक नंदी आठवतो, त्याच्या खुरापाशी ओढलेली खडूची रेघ आठवते, आणि दिगू.

दिगू माझा मामेभाऊ. नेसरीचा. दहावीसाठी मामानं त्याला आमच्याकडे आणून ठेवलं, तेव्हा मीही दहावीतच होतो. पत्र्याची ट्रंक, घनसाळ तांदळाचं एक गाठोडं आणि डोक्याला चप्प बसवलेलं तेल, असा तो दारात उभा राहिला. माझ्या आईला 'आत्ती' म्हणायचा, त्यांच्याकडे सीमेच्या अंगाला म्हणतात तसं. पहिल्या रात्री त्यानं आणलेला घनसाळ आईनं शिजवला आणि आमच्या बोळातल्या तीन घरांनी विचारलं, आज काय आहे हो तुमच्याकडं? लहानखुरा, बुटका दाणा त्याचा, पण वास असा की भांडं धुतलं तरी जात नाही.

दिगूला गणित यायचं. यायचं म्हणजे काय, तो फळ्याकडे बघून हसायचा, ओळखीचं माणूस दिसल्यासारखा. मला यायचं नाही. वडील रोज जेवताना एकच म्हणायचे, "दिगूकडं बघ जरा." मी बघायचो. एका ताटाशी बसून, एका पांघरुणात झोपून, मी त्याच्याकडे बघत राहायचो. माझ्या आत काय साचत चाललं होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं आणि नाव घ्यायची लाज वाटते.

संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर अभ्यासाला जायचो. पाणी उतरलेलं असायचं, कडेला पाण्यावर माजलेल्या केंदाळाचा कुबट वास. कट्ट्यावर पोरं ओळीनं पुस्तकं घेऊन बसलेली. तिथल्या एका फुटाणेवाल्यानं दिगूचं बोलणं ऐकून त्याला हेरलं.

"काय पावणं, कुठलं गाव?"

"नेसरी."

"मग तुमास्नी ठावं नसंल. त्यो तळ्याकाठच्या देवळातला नंदी बघितलासा? दर साली गहूभर पुढं सरतोय आन् तांदळाभर मागं येतोय. ज्या दिशी रंकाळ्यात पोचंल त्या दिशी जग बुडालं म्हणून समजा."

ही गोष्ट कोल्हापुरातल्या प्रत्येक पोराला माहीत असते. आम्ही ती ऐकतो, फुटाणे खातो आणि विसरतो. आमच्या गावाचंच बघा ना. कोल्हासुर नावाच्या राक्षसाला देवीनं मारलं आणि त्यानं मरताना मागितलं की या गावाला माझं नाव राहू दे. राहिलं. आम्ही राक्षसाच्या नावाच्या गावात जन्मतो, त्याच्या नावानं मिसळ विकतो, चपला विकतो, नवरात्रात टेंबलाईच्या माळावर त्याचा वध म्हणून कोहळा फोडून तुकड्यासाठी रेटारेटी करतो. कुणाला भीती म्हणून वाटत नाही. घरात पाळल्यासारखा राक्षस आहे तो.

पण दिगू बाहेरचा होता, आणि त्याला गणित यायचं. फुटाणे हातात तसेच धरून तो म्हणाला, "कुठला तांदूळ?"

"म्हंजे?" फुटाणेवाला गांगरला.

"आत्ती आणती त्यो रेशनचा लांबडा तांदूळ धरला तर नंदी मागंच जाणार की. गव्हापेक्षा लांब हाय त्यो. घनसाळ धरला तर मग पुढं जातोय."

फुटाणेवाला हसत पुढे गेला. दिगू हसला नाही. त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "तुला ठावं हाय? कुठला धरत्यात?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. जगबुडी होणार की नाही हे तांदळाच्या जातीवर ठरतं, असा विचार करणारा तो त्रिखंडात एकटाच असेल. 'लांबडा' म्हणालो असतो तर संपलं असतं. मी म्हणालो, "घनसाळच की. देवाला दुसरा कुठला चालतोय?"

त्याचा चेहरा उतरला. आणि मला, खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा त्याला न येणारं गणित मी घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गातला खडू खिशात आणला आणि नंदीच्या मागच्या खुराला अगदी चिकटून फरशीवर एक रेघ ओढली. मग रोज अभ्यास संपला की वाकून बघायचा. रेघ आणि खूर, मध्ये काही नाही. समाधानानं मान हलवायचा आणि आम्ही घरी यायचो.

भूमितीच्या पेपराच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी उठलो. दूध आणतो म्हणून बाहेर पडलो आणि पळत रंकाळ्यावर गेलो. देवळात झाडलोट करून कुणीतरी नुकतंच गेलं होतं, फरशी ओली होती, नंदीमागचा कोपरा तेवढा कोरडा राहिला होता. मी बाहीनं ती रेघ पुसली आणि बोटभर मागं नवी ओढली. एवढंच केलं. नंदी बोटभर पुढं सरकला.

दही-साखर खाऊन आम्ही दोघं निघालो. दिगू म्हणाला, नंदीला पाया पडून जाऊ. तो वाकला. वाकलेलाच राहिला. मला त्याची पाठ दिसत होती, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातली, आणि हातातली कंपासपेटी. बऱ्याच वेळानं तो मागं न बघता म्हणाला, "तू हो पुढं. मी येतोय."

तो आला नाही. पेपरभर त्याचा बाक रिकामा होता. मी घरी आलो तेव्हा ट्रंकही नव्हती. आई उंबऱ्यात बसून रडत होती. "परीक्षेला भ्यालं गं माझं पोरगं," शेजारणीला सांगत होती. मी आत गेलो आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. त्या दिवशी जे तोंड बंद झालं ते झालं.

मुक्ताला मी हे सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. मी पास झालो, शिकलो, दुकान टाकलं. दिगू नेसरीला म्हशींत राहिला. ही सगळी वर्षं मी एकच हिशेब मनात धरून आहे की त्याच्या डोक्यातलं ते हसरं गणित मी मारलं. नेसरीचा विषय निघाला की मी उठून जायचो. आईला वाटायचं मला माहेरच्या माणसांचा कंटाळा आहे. ती तसंच समजून गेली.

आणि दिगू? तो दर वर्षी येतो. बरोबर याच दिवसांत. घनसाळ मुरला की त्याचं एक पोतं घेऊन. "आत्तीच्या घरात दुसरा भात शिजाय नको," म्हणतो. चहा पितो, मुक्ताच्या डोक्यावर टपली मारतो, आणि एसटी गाठायच्या आधी 'जरा रंकाळ्यावर वारं खाऊन जातो' म्हणून निघतो. मी कधी बरोबर गेलो नाही. तो भात मी कधी पोटभर खाल्ला नाही. मला त्याचा वास सहन होत नाही. पित्त होतं, असं सांगतो.

मुक्तानं प्रश्न सोडला नाही. दुकानातून आलो की पुन्हा तेच. तिनं सायन्सवाल्यासारखी दोन्ही बाजूंनी मांडणी केली होती. एवढ्या मोठ्या अंगाला खायला किती लागेल, ते कुठून मिळणार? इतका काळ झोपलं तर पेशी टिकतील का? पण बर्फाखाली हजारो वर्षं निपचित पडलेले जीवाणू पुन्हा हलायला लागतात म्हणे. समुद्राचा तळ आपण पाहिलाय तरी कितीसा? आणि आपण जिवंत कशाला म्हणायचं हे तरी कुणी ठरवलं?

"डोळ्याचं सांगा बाबा. डोळ्याला न मावणारं काही असू शकतं?"

याचं उत्तर मला देता येत होतं. डोळा असतोच एवढासा. त्यात मावेल तेवढं तो घेतो आणि बाकीचं नाही असं धरून चालतो. प्रत्येक डोळ्यात एक ठिपका असतो, जिथं काहीच दिसत नाही. तो ठिपका माणसाला उभ्या आयुष्यात कळत नाही, कारण मेंदू तिथं आजूबाजूचं काहीतरी भरून टाकतो. हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. तिला सांगताना मात्र माझाच आवाज मला परका वाटला.

मनात म्हटलं, पोरी, असू शकतं. पुरातन, अवाढव्य, तळाशी झोपलेलं. माझ्यात आहे. परीक्षा आल्या की कूस बदलतं.

परवा दिगू आला. पोतं टेकवलं, चहा प्याला. फिजिक्सचा पेपर त्याच दिवशी संपला होता, म्हणून मुक्ता त्याच्याबरोबर रंकाळ्यावर गेली. तासाभरानं तिचा फोन आला.

"बाबा, दिगूकाका नंदीपाशी पालथे पडून काहीतरी मोजतायत. दर वर्षी मोजतात म्हणे. तुम्हाला माहीत होतं?"

मी दुकान तसंच उघडं टाकलं. गिऱ्हाईक खुर्चीत, डोळ्यांवर तपासणीची फ्रेम घालून बसलेलं. "आलोच," म्हणालो आणि चालत सुटलो. गाडी घ्यायचं सुचलं नाही. रस्ताभर एकच घण डोक्यात पडत होता: अजून. अजून मोजतोय. पोराबाळांचा बाप झाला, दुधाच्या दोन गाड्या आहेत दाराशी, केस पांढरे झाले, आणि तो अजून त्या रेघेत अडकलाय. मी त्याचं शिक्षण खाल्लं असं धरून चाललो होतो. मी त्याचं आयुष्य खाल्लं होतं.

देवळात दोघंच होती. मुक्ता खांबाला टेकून उभी, दिगू फरशीवर मांडी घालून, टोपी गुडघ्यावर.

"आलास व्हय?" दिगू म्हणाला. "दुकान कुणावर टाकलंस?"

मी उभ्या उभ्याच बोललो. मुलीसमोर बोललो. खडू, बाही, बोटभर मागची रेघ, घनसाळचं खोटं. मध्ये थांबलो नाही. "तुझं शिक्षण माझ्यामुळं गेलं, दिगू. मी केलं ते."

त्यानं माझ्याकडे वर बघितलं. नंदी, मी, मुक्ता असं आळीपाळीनं बघितलं. आणि मग तो हसायला लागला. असा हसला की गाभाऱ्यातली कबुतरं उडाली.

"आरं लेका! ते मला तवाच कळलंतं की. वर्साला गहूभर सरणारा नंदी येका रातीत बोटभर सरतोय व्हय? तुला गणित कधी आलं न्हाय, आन् राक्षस करायला निघालतास! वर सगळी बाही पांढरी तुझी."

मी खाली बसलो.

"मग पेपरला का नाही आलास?"

"म्हस व्यालती."

"काय?"

"आदल्या दिशी गावाकडचा माणूस भेटलाता बाजारात. म्हणाला, तुझी म्हस व्याली, पारडू झालंय. मला रातभर झोप न्हाय. मी पारडी असल्यापासनं वाढवलीती ती. सकाळी हितं वाकलो, तुझी रेघ बघितली, हसू आलं. मग वाटलं, च्यायला, ही रेघ खोटी हाय म्हंजे नंदी सरकत न्हाय असं कुठं हुतंय? म्हणून कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आन् खुराला लागून खरी रेघ मारली, दगडात. मारली, उठलो, आत्तीला न सांगता घरातनं ट्रंक उचलली आन् सरळ ष्ट्यांडावर गेलो. पारडू बघायला. बाबानं बडवला मला. आक्टोबरला बसलो, सुटलो."

"ऑक्टोबरला? तू दहावी झालास?"

"झालो की. बारावी बी झालो गडहिंग्लजला. तुला ठावं न्हाय?"

मला ठाऊक नव्हतं.

मुक्ता माझ्याकडे बघत होती. तिच्या त्या गोष्टीतला माणूस वेडा होतो, तो कशानं ते मला त्या क्षणी कळलं. माझ्या आत जे एवढं मोठं झोपलं होतं, ज्याच्या भीतीनं मी आईशी नीट बोललो नाही, भावाचा भात खाल्ला नाही, त्याचा दिगूच्या आयुष्याशी काडीचा संबंध नव्हता. तिथं एक म्हैस होती, एक पारडू होतं. मी कुठंच नव्हतो. एवढ्या वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की त्या दिवशी तू का आला नाहीस. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. याचा मला जो हादरा बसलाय तो अजून उतरलेला नाही.

"तुझ्यामुळं म्हणं," दिगू डोळे पुसत म्हणाला. "तू कोण लागून गेलास रं?"

"पण काका," मुक्तानं विचारलं, "मग दर वर्षी मोजता कशाला?"

दिगूचं हसू जरा ओसरलं. "कुणीतरी बघाय पायजे की न्हाय? ये, बघ." त्यानं नंदीच्या मागच्या खुराशी बोट ठेवलं. मी खिशातला जवळचा चष्मा लावला आणि फरशीला गाल लावून आडवा झालो.

दगडात कर्कटकाची बारीक रेघ होती. झिजलेली, पण सरळ. तिच्यात आणि खुरात फट होती.

"गेल्या दोन-चार सालांत पडलीया," दिगू हळू म्हणाला. "आधी नव्हती."

"फरशी बदलली असेल," मी म्हणालो.

"फरशी बदलली तर रेघ बी जायाला पायजे हुती. रेघ हाय."

"धुताना सरकवला असेल."

"असंल. चार माणसं लागत्यात." त्यानं माझ्याकडे बघितलं. "तू न्हाईस नव्हं?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग पुन्हा वाकून फटीवर बोट फिरवून बघितलं.

मुक्तानं काकाच्या सदऱ्याच्या खिशातून, पोतं बांधताना सांडलेले असतील, त्यांतला घनसाळचा एक दाणा काढला आणि फटीत उभा धरला. दाणा आत गेला, आणि त्याच्या पुढं थोडी जागा उरली.

"गहू पायजे," दिगू म्हणाला.

गव्हाचा दाणा आमच्या तिघांपैकी कुणाकडेच नव्हता. "जाऊ दे आता," दिगू म्हणाला आणि टोपी डोक्यावर ठेवून उठला. बाहेर रंकाळ्यावर ऊन कललं होतं. पाणी अगदी स्वस्थ होतं, तळाशी काय आहे त्याचा काही पत्ता न देणारं. एसटीची वेळ झाली म्हणून दिगू भराभरा चालायला लागला. मी पहिल्यांदाच त्याच्या बरोबरीनं चाललो.

"दिगू," मी म्हणालो, "नाव काय ठेवलंतंस?"

"कुणाचं?"

"पारडाचं."

तो थांबला. एसटी विसरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

"आत्ता इचारतोस व्हय रं?" तो म्हणाला, आणि माझा हात धरून मला कट्ट्यावर बसवून सांगायला लागला.